लेचवर्थ दाखवणाऱ्या काकांस

नवी मुंबई

आदरणीय काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

लेचवर्थ गार्डन सिटी दाखवण्यासाठी आपण आम्हा उभयतांना आपला संपूर्ण रविवार दिलात, त्याबद्दलचे आभार मी फोनवर मानले होतेच. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण लंडनला मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींना किंग्ज क्रॉसहून सुटणाऱ्या गाडीने अर्ध्या-पाऊण तासात हार्टफर्डशरमधले हे गाव गाठता येते याची कल्पना नसते, आणि ज्यांना असते त्यांना तिथे नेमके काय पाहावे हे सांगणारे आपल्यासारखे कोणी भेटतेच असे नाही.

आपण सुरुवात बागांपासून न करता जमिनीच्या मालकीपासून केलीत, याचे मला सर्वांत अप्रूप वाटले. ब्रॉडवेवरच्या बाकावर बसवून आपण एबेनेझर हॉवर्ड या संसदेतील लघुलेखकाने १८९८ साली मांडलेला गार्डन सिटीचा, म्हणजे उद्यान-नगराचा, विचार उलगडून सांगितलात: शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यावी, तिच्यावर शहर वसवावे, पण ती विकू नये, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, म्हणजे शहर वाढल्यामुळे जमिनीला जी किंमत येते ती कोणा जमीनदाराच्या खिशात न जाता गावाच्याच कामी येईल. १९०३ साली कंपनी काढून ३,८१८ एकर जमीन घेतली गेली आणि भागधारकांच्या नफ्यावर वर्षाला पाच टक्क्यांची मर्यादा घातली गेली. तेवढा नफाही त्यांना कित्येक वर्षे मिळाला नाही, हे आपण हसत सांगितलेत. पुढे १९६० साली एका खासगी कंपनीने या साऱ्या मिळकतीचा ताबा मिळवला, तेव्हा गावाने संसदेकडून १९६२ चा कायदा करवून घेऊन जमीन सार्वजनिक महामंडळाकडे आणली, आणि १९९५ पासून ती हेरिटेज फाउंडेशन या लोकहितार्थ संस्थेकडे आहे. दुकाने-कारखान्यांचे भाडे आजही गावातच खर्च होते, हे ऐकल्यानंतर १९३६ चे ते ब्रॉडवे चित्रपटगृह मी निराळ्या नजरेने पाहिले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर राहणाऱ्या माझ्यासारखीला हा हिशेब परका नव्हता. पट्टा रद्द होऊन मालकी मिळावी म्हणून आमच्याकडे लोक मागणी करत आले आहेत, आणि तिथे गावाने जमीन सार्वजनिक मालकीत राखण्यासाठी धडपड केली, एवढाच फरक.

घरांच्या बाबतीत आपण आम्हाला भरपूर चालवलेत, आणि ते योग्यच केलेत. बॅरी पार्कर आणि रेमंड अनविन या वास्तुरचनाकारांनी आखलेल्या रस्त्यांवरची उतरत्या छपरांची घरे कुणीही दाखवली असती. पण विल्बरी रोडवरचे १५८ क्रमांकाचे घर आपण मुद्दाम दाखवलेत. दीडशे पौंडांत बसणारी घरे बांधून दाखवण्यासाठी १९०५ साली भरलेल्या प्रदर्शनातले हे घर लिव्हरपूलचे नगर-अभियंता जॉन ब्रॉडी यांनी आधी ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या फळ्यांचे रचले. काँक्रीटच्या जंगलाला नावे ठेवत आपण सारे उद्यान-नगराकडे बोट दाखवतो, आणि त्या नगरातच हा प्रयोग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेला असतो, याची गंमत वाटली. अशी स्वस्त घरेही सर्वांत गरीब मजुरांना परवडली नाहीत, हे सांगायला आपण विसरला नाहीत. माहितीपुस्तिका हा भाग सहसा गाळतात.

स्पिरेला कंपनीच्या काचेदार कारखान्यापुढे आपण थांबलात तेव्हा पाऊस सुरू झाला होता, तरी आपण छत्री धरून सांगतच राहिलात. स्त्रियांच्या कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी अंतर्वस्त्रे, बनवणाऱ्या या कारखान्यात कामगारांसाठी स्नानगृहे, वाचनालय आणि नृत्याचे दालनही होते. घराशेजारी रोजगार आणि रोजगाराशेजारी मोकळे रान, हे हॉवर्ड यांचे सूत्र मला तिथे समजले. सोलरशॉटच्या वर्तुळाकार चौकाला देशातला पहिला म्हणून लावलेली पाटी आणि दारू न विकणारा १९०७ चा स्किटल्स इन हा पब हेही पाहिले. तिथली प्रसिद्ध काळी खार मात्र शेवटपर्यंत दिसली नाही, याची हुरहुर ह्यांना अजून आहे.

जाता जाता आपण स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांची आठवण काढलीत, तेही बरे झाले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू करणारे हे गृहस्थ नगररचनेच्या त्याच चळवळीतून आपल्याकडे आले होते, हे आमच्या वाचनमंडळात मी सांगितले तेव्हा कित्येकांना नवे होते.

आपल्याशी एक वाद मात्र अर्धवट राहिला. घराची खिडकी बदलायची किंवा कुंपणाची झाडे काढायची तरी फाउंडेशनची परवानगी लागते, हे आपल्याला जाचक वाटत नाही, मला वाटते. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मोकळ्या अंगणांभोवती छोटी घरे रचली, ती रहिवाशांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाढवावीत या हेतूनेच. लोकांनी ती इतकी वाढवली की मूळचे घर आता शोधावे लागते. हिवाळ्यात आपण मुंबईला येणार आहात, तेव्हा एक सकाळ त्यासाठी राखून ठेवावी. बेलापूर स्थानकावर घ्यायला आम्ही दोघेही येऊ, आणि तो वाद तिथेच पुढे चालवू. काकूंना नमस्कार.

आपली कृतज्ञ,
वाशीची एक रहिवासी