ह. ना. की ना. ह.?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिनविशेषात थोरामोठ्यांचा परिचय चार ओळींत उरकण्याची वृत्तपत्राची अडचण मला कळते. मी ३१ वर्षे एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. सूचिपत्राच्या कार्डावर तर लेखकाला दोनच ओळी मिळत. पण त्या दोन ओळींत माणूस बदलता कामा नये.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाची पत्रिका हाती आली. तिच्यात विधवाविवाहोत्तेजक मंडळ काढल्याचे श्रेय विष्णुशास्त्री चिपळूणकरांना दिले होते. मंडळ १८६०च्या दशकातले, चिपळूणकरांचा जन्म १८५०चा. म्हणजे शाळकरी पोराने मुंबईत जाऊन विधवांची लग्ने लावायला घेतली! ते विष्णुशास्त्री वेगळे, विष्णु परशुराम पंडित (१८२७-१८७६). त्यांनी नुसता उपदेश केला नाही, स्वतःही पुढे विधवेशी लग्न केले. चिपळूणकर (१८५०-१८८२) म्हणजे ‘निबंधमाला’कार, सुधारकांवर तुटून पडणारे. एकाची पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली, तर ती दोघांनाही मानवणार नाही. नुसते ‘विष्णुशास्त्री’ लिहिले की हे असे होते.

दुसऱ्यांना नावे ठेवते आहे, पण माझ्याही हातून चूक झालेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी हरी नारायण आपटे आणि नारायण हरी आपटे यांची पुस्तके मी एका फळीवर लावली आणि कार्डावर बेधडक ‘पिता-पुत्र’ असे लिहून टाकले. का लिहू नये? हरीच्या मुलाच्या नावापुढे ‘हरी’ येणारच, आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीतच आहे. वयेही जुळत होती, एकाचा जन्म १८६४चा, दुसऱ्याचा १८८९चा. शिवाय दोघेही कादंबरीकार. एका निवृत्त मास्तरांनी पुस्तक परत करताना आत चिठ्ठी ठेवली, “बाई, हे बापलेक तुम्ही जुळवलेत. देवाने नव्हे.” मी तपासून पाहिले. ह. ना. जन्मले पारोळ्याला, पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक चालवले, ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली आणि १९१९ साली वारले. ना. ह. सांगलीकडच्या समडोळीचे. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. ते १९७१पर्यंत हयात होते. मी ते कार्ड फाडले, चिठ्ठी मात्र अजून जपून ठेवली आहे.

आद्याक्षरांवर विसंबण्यातही अर्थ नाही. वि. का. राजवाडे इतिहासाचार्य, तर वै. का. राजवाडे त्यांचे थोरले बंधू, निरुक्ताचे, म्हणजे वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथाचे, अभ्यासक. भावांमध्ये दोन मात्रांचे अंतर, आणि मात्रा गळाल्या तर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला दोष.

गाव आणि व्यवसाय सांगूनही कधीकधी भागत नाही. ‘बाळ गंगाधर, कोकणातले, वृत्तपत्र काढले’ एवढ्या वर्णनात पोंभुर्ल्याचे जांभेकरही बसतात आणि रत्नागिरीचे टिळकही. ‘दर्पण’ १८३२चा आणि ‘केसरी’ १८८१चा, म्हणून सालच उपयोगी पडते. त्यात टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, ‘बाळ’ हे घरात हाक मारायचे नाव. तिसरे बाळ गंगाधर म्हणजे १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असेच म्हणत) झालेले खेर. त्यांचा जन्मही रत्नागिरीचाच! रमाबाईंचे प्रकरण मी उघडतच नाही. पंडिता, रानडे आणि आंबेडकर या तिघींसाठी वेगळे पत्र लिहावे लागेल.

माझी मागणी छोटी आहे. दिनविशेषात वडिलांचे नाव गाळू नये, जन्म आणि मृत्यूची दोन्ही साले द्यावीत आणि नावाचा जोडीदार असेल तिथे अर्धी ओळ खर्चून ‘हे ते नव्हेत’ असे छापावे. जागा हवी असेल तर ‘थोर’, ‘महान’, ‘अलौकिक’ ही विशेषणे काढा, पुष्कळ जागा निघेल.

येत्या ८ मार्चला हरी नारायण आपट्यांची जयंती आणि बाळ गंगाधर खेरांची पुण्यतिथी एकाच दिवशी आहे. त्या दिवशीचा आपला अंक मी चष्मा पुसून वाचणार आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल