अर्ज पोहोचला नाही, हे खरं सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आमचा ऑनलाइन अर्ज दुरुस्त केल्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आमच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज पालक मोबाइलवरून भरतात, तेही रेंज येते-जाते अशा गावांतून. पूर्वी 'पाठवा' दाबलं की पान नव्यानं उघडायचं आणि एक चूक निघाली तरी सगळे रकाने कोरे. मग ज्यांना आम्ही पैसे मोजले, त्यांनी पान न बदलता अर्ज जाईल असं करून दिलं. हिरवी पट्टी यायची: 'अर्ज मिळाला'. एक आई त्या पट्टीचा स्क्रीनशॉट घेऊन दारात उभी राहिली आणि आमच्या यादीत तिच्या मुलीचं नावच नव्हतं!

सर्व्हर ५०० एरर देत होता, म्हणजे बिघाड आमच्याच बाजूला होता. पण फेच, म्हणजे पान न बदलता माहिती पाठवणारी ब्राउझरमधली सोय, तिच्या लेखी उत्तर आलं म्हणजे काम झालं; ते उत्तर 'ओके' आहे का, हे कोड लिहिणाऱ्यानं बघायचं असतं. त्यांनी बघितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, पालकांचं नेट खराब. नंतर म्हणाले, सगळी साइट नव्यानं बांधा. पान न बदलता माहिती पाठवायची सोय ब्राउझरमध्ये १९९९ पासून आहे, आणि आम्हाला हे ऐकवलं! दोष पालकांवर ढकलला, ते अजून बोचतं.

तुम्ही काय काय दुरुस्त केलंत ते सांगत बसत नाही. मला सांगायचं आहे ते तुमच्या एका निरोपाबद्दल. अर्ज अडकला की आता दिसतं: 'अर्ज अजून पोहोचलेला नाही. तुम्ही भरलेलं सगळं इथंच आहे. रेंज आली की पुन्हा पाठवा.' हे कुणी मागितलं नव्हतं. नुसतं 'एरर' लिहून मोकळं होता आलं असतं. तुम्ही उलट मला विचारलंत, हे वाचून तुमच्याकडचे पालक घाबरणार नाहीत ना? वर, पान बदललं नाही तर स्क्रीन रीडरला (अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) नवं काही कळत नाही, म्हणून तो निरोप आपोआप मोठ्यानं वाचला जाईल अशी सोय केलीत. आमच्याकडच्या एका अंध वडिलांनी यंदा मुलीचा अर्ज कुणाच्या मदतीशिवाय भरला.

न पाहिलेल्या माणसाच्या कष्टांची एवढी कदर करणारी माणसं आहेत, हे कळल्यानं फार बरं वाटलं.

प्रवेशयादी लागली की जेवायला या. मुलींना तुम्हाला भेटायचं आहे.

आपला,
वसतिगृहाचा व्यवस्थापक