नागिनाता म्हणजे लांब लाठी नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लाठीकाठी येणाऱ्याला जपानी नागिनाता, म्हणजे लांब दांड्याला वक्र पातं जोडलेलं हत्यार, आपोआप जमेल, हा समज धोक्याचा आहे. लाठी गोल असते. मुठीत कशीही फिरली तरी तिचा तडाखा बसतोच. नागिनाता हे धारेचं हत्यार. म्हणूनच त्याचा दांडा लंबगोल असतो, न बघता बोटांना धारेची दिशा कळावी म्हणून.

सरावाची नागिनाता २१० ते २२५ सें.मी. लांब असते. दांडा ओकच्या लाकडाचा आणि पुढे बांबूच्या दोन पट्ट्या जोडून केलेलं वक्र पातं. टोकापासून १५ ते २० सें.मी.चा भाग धारेच्या बाजूने लागला, तरच सामन्यात पात्याचा वार मोजला जातो. लाठीची सवय असलेला हात मूठ सैल सोडून काठी गरगर फिरवतो. त्यात पातं आडवं होतं आणि जोरात बसलेला वारही वाया जातो. ही खोड मोडायला आरशासमोर उभे वार संथपणे करावेत. शरीर अर्धं तिरकं, दोन हातांत साधारण खांद्याएवढं अंतर. डोक्यावर हत्यार नेल्यावर क्षणभर थांबून धार सरळ रेषेत आहे का ते पाहावं. वेग नंतर येतो.

खरी कसोटी ‘मोचिकाए’ची, म्हणजे हात बदलण्याची. मागचा हात पुढे येतो, पुढचा मागे जातो आणि पायही बदलतात. नवशिके दोन्ही मुठी एकदम सैल करतात, मग टोक खाली झुकतं आणि समोरच्याला मोकळी वाट मिळते. एका हाताने घट्ट धरल्याशिवाय दुसरा सोडू नये. इथे दंडातली ताकद कामाची नाही. जपानमध्ये आज ही कला प्रामुख्याने स्त्रिया जपतात, आणि त्यांच्या हातांची ही अदलाबदल पाहिली की हे पटतं.

केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, नडगीवर वार नसतो. नागिनातात ‘सुने’ म्हणजे नडगी हे हक्काचं लक्ष्य आहे. तिथे वार करताना कंबरेत वाकलं की डोकं पुढे येतं आणि उघडं पडतं. पाठ ताठ ठेवून गुडघ्यातून खाली जावं. केंदोची सामग्री घालून नागिनाताचे सामने खेळवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की त्या संचात नडगीचं कवच नसतं. ते वेगळं घ्यावंच लागतं.

पात्याबद्दलही बेफिकिरी नको. कोरड्या हवेत बांबू ठिसूळ होतो, कडेने कूस निघते. मुखवट्याच्या जाळीतून अशी एक कूस आत गेली तर डोळा जाईल. सरावाआधी पात्यावरून सुती फडकं फिरवावं. धागा अडकला तर तिथे बारीक पॉलिश पेपर मारावा. चीर गेली असेल तर पातं बदलावं, नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये. पातं आणि दांडा जिथे जुळतात तिथली पट्टीही दाबून पाहावी, कारण सांधा हलला की वाराच्या भरात पातं फिरतं.

शेवटी जागा. हत्यार डोक्यावर नेल्यावर टोक किती उंच जातं याचा अंदाज नवशिक्याला नसतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये छताला पंखे असतात. तिथे सराव घ्यायचा तर पंख्याखालची जागा आधी खडूने आखून रिकामी ठेवावी.

आपला,
एक वाचक