भिंतीपलीकडे गेलेली साल

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन सात महिने झाले. उत्तर नाही, फोनही नाही. कारणं सांगत बसत नाही, ती तुला पटायचीही नाहीत. आई बरी आहे. माझा गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो ते एका फांदीमुळे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'एवढंच ना?' म्हणेल. तू म्हणणार नाहीस.

शेजारच्या काकांचं शिरीषाचं झाड तुला आठवत असेल. मागच्या खेपेला गच्चीवर झोपलास, वाळक्या शेंगांच्या खुळखुळाटानं रात्रभर जागा राहिलास आणि सकाळी म्हणालास, 'हे झाड तुझ्या थोरल्या मावशीवर गेलंय, वारा नसला तरी बोलतं.' (मावशीला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी समोरासमोर सांगेन.) त्याच झाडाची आमच्या बाजूला आलेली फांदी बघता बघता मांडीएवढी झाली. बारीक पानं गच्चीच्या पाइपात जाऊन बसायची, पाणी तुंबायचं. आईच्या खोलीच्या छताला ओल धरली. वारा सुटला की फांदी पत्र्यावर घासायची आणि आई उठून बसायची. 'कोण आहे रे?' असं तिनं रात्री तीनदा विचारलं की माझाही जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

काकांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा एकच उत्तर, 'पानगळ होऊ द्या, मग बघू.' मला ती टाळाटाळ वाटली.

हक्काचं तर तूच शिकवलं होतंस. वकिलीच्या पहिल्या वर्षी तुला ते रोमन लोकांचे बारा फलक फार आवडायचे. इ.स.पू. ४५० च्या सुमाराचा कायदा, आणि त्यातही शेजाऱ्याच्या झाडाच्या पंधरा फुटांखालच्या फांद्यांची तरतूद! मग १८९४ चा इंग्लंडमधला लेमन विरुद्ध वेब हा खटला: आपल्या हद्दीवर आलेली फांदी आपल्याच जागेत उभं राहून, शेजाऱ्याला न कळवताही कापता येते. 'न कळवताही' हे तू दोनदा म्हणाला होतास, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आपल्याकडे छाटणीलाही परवानगी लागते, तर तीही रीतसर काढली. कागद सगळे जागेवर होते.

काका महिनाभर लेकीकडे गेले आणि ऐन पावसात मी माणूस बोलावला.

तो गच्चीवरूनच कापायला लागला. वरून करवत घातली आणि घालतच राहिला. फांदी पानांनी भरलेली, पाण्यानं निथळणारी. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ती आपल्याच वजनानं मोडली, आणि मोडताना खालची साल सोलत घेऊन गेली. भिंतीपलीकडे, काकांच्या अंगणात, थेट खोडावर. हातभर लांब पांढरा पट्टा. मी 'थांब' म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

दोस्ता, हे मला माहीत होतं रे! जड फांदी कशी उतरवायची हे आपण दोघंही मास्तरांकडे शिकलो. आधी खोडापासून थोडं लांब, खालून एक काप, साधारण तिसरा हिस्सा. मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी मोडली तरी साल त्या खालच्या कापापाशीच तुटते. मग उरलेला खुंट, तोही खोडाशी सपाट नाही, फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या बाहेरून. ती वळी राखली तर झाड जखम लवकर झाकतं. हे सगळं त्या माणसाला आधी सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी खाली आईला 'आता झोप लागेल बघ' हे सांगत बसलो होतो.

तो डांबर लावायला निघाला तेव्हा मात्र आडवा आलो. तो झाडांचा अमेरिकन अभ्यासक अॅलेक्स शायगो आठवतो? त्यानं करवतीनं हजारो झाडं उभी चिरून आतली जखम पाहिली आणि सांगितलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती आत कोंडून टाकतं, भोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. वरून लेप लावून कूज थांबत नाही, हेही त्यानंच दाखवलं. मास्तर ते शिकवत होते तेव्हा तू फळ्याकडे पाठ करून कुणाकडे बघत होतास ते वहिनींना विचार. मी सुटलेली साल धारदार सुरीनं घट्ट सालीपर्यंत साफ केली आणि तसंच उघडं ठेवलं. पण ते करायला मला काकांच्या अंगणात शिरावं लागलं. म्हणजे जिथे जायचा हक्क नव्हता तिथेही गेलो.

काका आले. बराच वेळ झाडाखाली उभे होते. मी गेलो, बिल दाखवलं, परवानगीचा कागद दाखवला, ओंडके परत देतो म्हणालो. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. एवढंच विचारलं, 'माझा नंबर होता ना तुमच्याकडे?'

होता. काय बोलणार?

मग सावकाश म्हणाले की पानगळीनंतर फांदी हलकी होते, म्हणून थांबा म्हणत होतो. चार दिवस झाले, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ते टाळत नव्हतेच. मला वेळ सांगत होते आणि मी ऐकलं नाही.

आता खरं सांगतो पत्र कशासाठी. तू विहिरीवरचं झाड तोडलंस तेव्हा तुझ्या दारात उभं राहून, तुझ्या वडिलांदेखत, मी म्हणालो होतो, 'तुला झाड दिसतच नाही, जागा दिसते.' नंतर दोन वर्षं बोललो नाही. आक्काच्या लग्नात तू समोर आलास तर तोंड फिरवलं. झाड का तोडलंस हे मी तुला कधी विचारलंच नाही. काकांनी निदान मला विचारलं. तेव्हाचं माझं बोलणं चुकलं. माफ कर. हे फोनवर सांगायला जमलं नसतं.

काकांना मी सांगितलंय, पानगळीत उरलेला खुंट माझ्या खर्चानं नीट उतरवून घेऊ, तुम्ही समोर उभे राहा. 'बघू' म्हणाले. या वेळी मी थांबणार आहे.

धाकट्याचा निकाल लागला का? वहिनींची बदली झाली म्हणे, मग तुम्ही हलणार की त्या एकट्या जाणार? नव्या ऑफिसचा पत्ता पाठव.

आणि एक. आक्का सांगत होती की विहिरीवरच्या बुंध्याला नंतर फूट आली होती आणि तू ती कुणाला तोडू दिली नाहीस. खरं का? केवढं झालंय आता ते? कळव.

तुझा,
तोच