नसलेल्या बँडच्या वतीनं आभार

आदरणीय नॅन्सी फॉस्टबाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी पत्र मराठीतच लिहितोय. चार लोकांत आभार मानायचे तर ते आपल्या माणसांत मानावेत. मी पेटीवर साथ करतो. साथीदारानं दोन पावलं मागे राहावं, ही आमची शिकवण. तुम्ही मात्र शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात ऑर्गनवर बसून एक विसरलेलं गाणं पुन्हा लोकांच्या तोंडी आणलंत.

'ना ना हे हे किस हिम गुडबाय'. बँडचं नाव 'स्टीम'. गंमत म्हणजे असा बँडच नव्हता! 1969 साली न्यूयॉर्कमध्ये गॅरी डीकार्लो या गायकानं मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीसाठी चार गाणी म्हटली. निर्माता त्याचा जुना मित्र, पॉल लेका. कंपनीला चारही आवडली, चारही वेगवेगळ्या सिंगल म्हणून काढायची ठरली. आता तबकडीच्या मागच्या बाजूला काय घालायचं? तिथं सामान्य गाणंच हवं, म्हणजे रेडिओवाले चुकूनही ती बाजू लावणार नाहीत. मग लेका, डीकार्लो आणि डेल फ्रॅशूअर यांनी कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावातल्या दिवसांतलं स्वतःचंच एक जुनं गाणं उकरून काढलं. ते लांबवायला ध्रुवपद हवं होतं, पण शब्द कुठे होते? लेका पियानोवर 'ना ना ना ना' करत राहिला, 'हे हे' डीकार्लोनं घातलं. शब्द नंतर भरू, असं चाल बांधताना आम्हीही म्हणतो. इथं ते भरायचे राहूनच गेले. ड्रमसुद्धा नव्यानं वाजवले नाहीत, डीकार्लोच्याच दुसऱ्या गाण्याच्या टेपमधून उचलून जोडले.

कंपनीनं ऐकलं आणि हेच पुढच्या बाजूला घेतलं. डिसेंबर 1969 मध्ये दोन आठवडे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. आवाज डीकार्लोचा, तबकडीवर नाव 'स्टीम', आणि कार्यक्रमांसाठी 'स्टीम' म्हणून उभी केलेली मुलं तिसरीच. पुढं अशा गाण्यांचं होतं तेच याचं झालं.

आणि मग 1977 चा उन्हाळा. तुमच्या शिकागो संघाचा, व्हाइट सॉक्सचा, सामना कॅन्सस सिटी रॉयल्सशी. (क्रिकेटवाल्यांसाठी: बेसबॉलमध्ये मार खाल्लेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, डाव चालू असतानाच काढतात आणि सगळ्यांच्या देखत मैदान ओलांडून परत जावं लागतं.) समोरच्या संघाचा पिचर असा निघाला की तुम्ही हे ध्रुवपद वाजवायचात, आणि सगळं मैदान ते गायला लागलं.

मी यावर बराच विचार केलाय. ऑर्गनला शब्द नसतात. तुम्ही वाजवलीत नुसती चाल, 'गुडबाय' लोकांनी घातलं. दुसरं एखादं गाणं असतं तर पहिल्या ओळीनंतर निम्मे लोक पुटपुटायला लागले असते. इथं विसरण्यासारखं काही नव्हतंच. मोजके सूर, कुणाच्याही गळ्यात बसणारे, आणि पिचर बाहेर पोचेपर्यंत हवं तितकं फिरवता येणारं. मागच्या बाजूला ढकलण्यासाठी केलेलं गाणं हजारो अनोळखी लोकांना एकत्र म्हणता येईल, हे तुम्ही कानानं ओळखलंत. नोटेशन न बघता कुठलंही गाणं वाजवण्याबद्दल तुमचा लौकिक आहे, पण मला जास्त कौतुक गाण्याच्या निवडीचं आणि ते केव्हा सुरू करायचं या जाणिवेचं आहे.

जाणाऱ्या पिचरची मला थोडी दया येते, हेही सांगून टाकतो. आणि त्या वर्षी 90 सामने जिंकूनही तुमचा संघ आपल्या गटात तिसराच राहिला. गाणं मात्र तिथून दुसऱ्या मैदानांवर गेलं, दुसऱ्या खेळांत शिरलं.

लेका 2011 मध्ये गेले, डीकार्लो 2017 मध्ये. तुम्ही 1970 पासून 2010 पर्यंत, 41 हंगाम व्हाइट सॉक्सच्या ऑर्गनवर बसलात. ज्या बँडला स्वतःचे गायक नव्हते, त्याला तुम्ही दर सामन्याला नवे गायक दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

परवा सरावाआधी मी तेच ध्रुवपद पेटीवर वाजवून पाहिलं. पेटीवर जरा विनोदीच वाटतं. दुसऱ्या फेरीला आमच्या तबलजीनं, काही न विचारता, 'हे हे' घातलं.

आपला,
एक पेटीवाला