कोयनेच्या बोअरचा दगड कोयनानगरला दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठण्याला घेतलेल्या बोअरचा विषय निघाला की आमच्या पाटण तालुक्यात आजही दोनच प्रश्न येतात. पाणी किती इंची लागलं? आणि हादरे त्यामुळेच बसतात ना? मी उभं आयुष्य बोअरच्या गाडीवर काढलं, म्हणून लोक हटकून मलाच गाठतात. पहिला प्रश्न हसून सोडून देता येतो. दुसरा तसा नाही, कारण विचारणाऱ्यांत 11 डिसेंबर 1967 ची पहाट पाहिलेली माणसं आहेत.

क्रम बघा. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय 1961-62 ला भरू लागला, धक्के त्यानंतर सुरू झाले, 1967 ला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पुढे वारणेचं धरण भरल्यावर हादऱ्यांचं केंद्र दक्षिणेकडेही पसरलं. गोठण्याला ड्रिलिंग सुरू झालं ते डिसेंबर 2016 मध्ये. जूनपर्यंत ते 3 किलोमीटरवर पोचलं, आमच्या हिशेबात दहा हजार फुटांच्या जवळपास. इथले बहुतेक भूकंप दहा किलोमीटरच्या आतच होतात, त्यामुळे भोकातून यंत्रं सोडून त्यांच्या जवळ जाता येतं. पाणी शोधायला नाही, भूकंपाचं मूळ शोधायला हा खटाटोप आहे. आणि ‘खालचा लाव्हा वर येईल’ म्हणणाऱ्यांनी निवांत झोपावं. तो लाव्हा गार होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली.

मला खरी भुरळ पडली ती दगडाची. आमच्या गाडीला दगड दिसत नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने वर येते ती भुकटी. काळा कातळ, म्हणजे गोठलेला लाव्हा, लागला की हॅमरचा आवाज बदलतो, मांजऱ्यात, म्हणजे त्यातल्याच छिद्राछिद्रांच्या मऊ दगडात, बिट झपाझप उतरतं, मधेच भुकटी तांबडी झाली की गेरूचा थर समजायचा. एक थर निवल्यावर दुसरा यायच्या आधी वरचा दगड उघड्यावर झिजत राहिला, त्याचीच ती लाल माती. तीनशे फुटांत असे दोन-तीन थर ओलांडले की आम्हाला वाटायचं, जमीन कळली! गोठण्याआधी कोयनेजवळच्या रासाटीला घेतलेल्या बोअरमध्ये तो काळा दगड सुमारे 930 मीटरपर्यंत गेला आणि मग एकदम ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे लाव्ह्याखालचा जुना खडक, लागला. मधे गाळ नाही, वाळू नाही. गोठण्याला हाच दगड साडेबाराशे मीटरच्या आसपास भरला. म्हणजे गोठण्याखाली खड्डा आहे असं नव्हे. गाव डोंगरावर आहे, एवढंच. लाव्ह्याखालची जुनी जमीन या भागात जवळजवळ सपाट निघाली. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर 617 मीटरचा बोअर घेतला होता, तिथे काळा दगड 338 मीटरलाच संपला आणि त्याखाली थोडा गाळही मिळाला. एकाच दख्खनच्या पोटात इतका फरक!

गोठण्याच्या आधी कोयना-वारणा भागात दीड किलोमीटरपर्यंतचे नऊ बोअर घेतले गेले. त्यात पोकळ, हिऱ्याच्या बिटाने दगड कापून अखंड कांड्या वर काढल्या. त्या कराडच्या संशोधन केंद्रात जपून ठेवल्या आहेत. शास्त्रज्ञांना त्या लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्या घराच्या भिंतींना तडे गेले त्यांच्यासाठी त्यातली चार-पाच कांडी कोयनानगरला मांडायला काय हरकत आहे? धरण बघायला शाळांच्या सहली येतात, नेहरू उद्यानात गर्दी असते. जागा तिथेच मिळेल. संशोधनाचे निबंध इंग्रजीत निघतात, ते आमच्या वाड्यावस्त्यांवर कोण वाचणार? म्हणून मग लाव्ह्याच्या वावड्या उठतात.

काळा कातळ, मांजऱ्या, गेरू, तळचा ग्रॅनाइट-नाइस असे नमुने ठेवावेत. आणि रासाटीचा सांध्याचा तुकडा उपलब्ध असेल तर तो आधी. वर साडेसहा कोटी वर्षांचा दगड, त्याला चिकटून खाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना. असा जोड मी इतकी वर्षं जमीन भोकूनही पाहिलेला नाही. पाट्यांवर काय लिहायचं ते तज्ज्ञांनी ठरवावं. मराठीत लिहावं, आणि खोली मीटरबरोबर फुटांतही द्यावी.

आपला,
एक निवृत्त बोअरवेल चालक,
ता. पाटण, जि. सातारा