ती. आई-बाबांना, थायलंडमधल्या हुआ हिनच्या पत्त्यावर

लेस्टर, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, इथलं घर विकून कायमचं तिथेच राहायचं असं रविवारी तुम्ही फोनवर सांगितलंत, मी "घर विकू नका" एवढंच म्हणाले आणि तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. म्हणून आज लिहायला बसले आहे. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

तुमचं मन तिथे का रमलं, ते मला कळतं. ३२ वर्षं तुम्ही पहाटे ४ वाजता उठून कामावर गेलात, बर्फ असो की पाऊस. इथे आता दुपारीच दिवे लावावे लागतात. गेल्या हिवाळ्यात आई जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत होती, आणि परवाच्या व्हिडिओत ती वाळूत अनवाणी चालत होती, मागे वळून हसत होती. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला, सांगत नाही. तेव्हा जाऊ नका असं मी म्हणतच नाहीये.

मला भीती आहे ती तुमच्या हिशेबाची. तुमचं ब्रिटिश सरकारी पेन्शन आठवड्याला २१० पौंड, आईचं १५०. महिन्याला दीड हजारांच्या वर जातं, आणि हुआ हिनमध्ये आज ते दोघांना पुरतं. थाई बँकेत ८ लाख बाट ठेवायचे, दर वर्षी व्हिसा वाढवून घ्यायचा, दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, हे सगळं तुम्ही नीट कराल. पण कायमचे तिथे राहायला गेलात की त्या दिवशीचं पेन्शन तिथेच गोठतं. दर एप्रिलची वाढ थायलंडमध्ये मिळत नाही.

२०२२-२३ मध्ये नव्या पद्धतीतलं (२०१६ पासूनचं) पूर्ण पेन्शन, म्हणजे वर्गणीची सगळी वर्षं भरलेल्याचं, आठवड्याला १८५.१५ पौंड होतं. त्यानंतर १०.१ टक्के, ८.५ टक्के आणि ४.१ टक्के अशी वाढ होत २०२५-२६ मध्ये ते २३०.२५ झालं. त्या वर्षी जो थायलंडला कायमचा गेला, त्याच्या हाती आजही १८५.१५ च पडतात. तीन वर्षांत आठवड्याला ४५ पौंडांचा फरक. तुम्ही ६७ चे आहात, आणि आजोबा ९१ वर्षं जगले. शिवाय वीस वर्षांपूर्वी एका पौंडाला ७० च्या आसपास बाट मिळायचे, आता ४५ सुद्धा मिळत नाहीत.

भारतातही हेच. रत्नागिरीला परत गेलात तरी पेन्शन गोठणारच. उलट फिलिपिन्समध्ये आणि मॉरिशसमध्ये ते दर वर्षी वाढतं, कारण त्या देशांशी ब्रिटनचा तसा करार आहे. मला हा उघड अन्याय वाटतो. पेन्शनसाठी पगारातून वर्गणी सगळ्यांनी सारखीच भरली ना? दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांनी हेच म्हणत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत लढा दिला, पण २०१० मध्ये निकाल विरोधात गेला. त्यामुळे नियम बदलेल या भरवशावर तुमचं म्हातारपण टांगून ठेवायला माझं मन धजत नाही.

मॉरिशसचा विचार करून पाहा. हुआ हिनइतकं स्वस्त नाही, आणि निवृत्तांच्या परवान्यासाठी दरमहा ठरावीक डॉलर तिथे आणावे लागतात. पण पेन्शन वाढत राहतं, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांची पतवंडं तिथे आजही आरत्या म्हणतात. आईला बोलायला कुणीतरी असेल.

कारण बाबा, खरी गोष्ट ही आहे, आणि ती मला फोनवर बोलता आली नसती. तुमच्या दोघांपैकी एक जण आधी जाणार. तुम्ही आधी गेलात तर तुमचं पेन्शन थांबेल. तुमचं पेन्शन नव्या पद्धतीतलं, आणि आईचं तुमच्यानंतर सुरू झालं, त्यामुळे तेही तसंच, ज्याच्या-त्याच्या वर्गणीवरचं. तिच्या हाती तिचे गोठलेले १५० उरतील. थाई येत नाही, गाडी येत नाही, दवाखान्यात 'कुठे दुखतंय' ते खुणेने सांगायचं. परत आली तर पेन्शन चालू दराने सुरू होईल, पण घर विकलेलं असेल. माझ्याकडे ती कधीही येऊ शकते, हे लिहायलाही नको. पण ती येणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. दोन दिवस राहिली तरी तिला भांडी घासल्याशिवाय चैन पडत नाही.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे: घर ठेवा. ९० दिवसांचा व्हिसा काढा, डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे राहा, मार्चमध्ये घरी या. मुक्काम इथलाच राहिला की पेन्शनची वाढ सुटत नाही आणि एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांचा, हक्कही जात नाही. खालची खोली वर्षभरासाठी भाड्याने द्या, तिकिटांचे पैसे त्यातून निघतील. वर मी मधूनमधून येऊन पाहीन, पाइप गोठणार नाहीत. अशा दोन-तीन हिवाळ्यांनंतरही तिथेच राहावंसं वाटलं तर कागद मी स्वतः भरून देईन.

आई, या सगळ्यात तुला कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. तुला तिथे राहायचं आहे का? बाबांना आवडतं म्हणून नव्हे, तुला? या पत्राचं उत्तर तू लिही, तुझ्या अक्षरात. बाबांना नंतर दाखव.

तुमची
मनू